यमालाही न सोसलेला दाह

वाचकहो, कावेरीच्या खोऱ्यात कुंभकोणम् शहराला लागून दारासुरम् नावाचे एक लहानसे गाव आहे. दक्षिणेकडील देवालये पाहावयास निघालेला आपल्याकडील प्रवासी तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर पाहून तृप्त होतो आणि दारासुरम् बहुधा तसेच मागे टाकतो. त्याने तसे करू नये. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधविलेले येथील ऐरावतेश्वराचे मंदिर तंजावरच्या मानाने ठेंगणे खरे. परंतु घोडे जुंपलेल्या रथाच्या आकाराचा त्याचा मंडप आणि त्यावरील बारीक कोरीव काम पाहताना दगडही नरम असावा असा भास होतो. २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत या मंदिराची नोंद केली. गेल्या हिवाळ्यात कुंभकोणम् येथील एका तंजावरी मराठी कुटुंबाकडे आमचे जाणे झाले, तेव्हा हे मंदिर पाहण्याचा योग आला.

शिल्पाविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही. माझे आयुष्य रुग्णालयांत गेले, आणि या सदरातून मी आपणांशी बोलते तेही प्रकृतीविषयीच. मंदिर पाहताना मला थांबविले ते तेथील तीर्थाच्या कथेने. दुर्वासाच्या शापाने इंद्राच्या ऐरावताचा पांढरा वर्ण नाहीसा झाला आणि येथे शिवाची आराधना केल्यावर तो त्यास परत मिळाला, म्हणून देव ऐरावतेश्वर. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. दुसरी कथा यमधर्माची आहे. एका ऋषीच्या शापामुळे यमाच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. तो येथे आला, त्याने या तळ्यात स्नान केले आणि त्याचा दाह शमला. म्हणून तळ्याचे नाव यमतीर्थ.

ही कथा ऐकून मी काठावर बराच वेळ बसून राहिले. ज्याच्या पाशाला सारे जग भिते, त्यालाही स्वतःचा दाह सोसवला नाही. आणि दाह कसला? जखम नाही, ताप नाही, हाड मोडलेले नाही. आजच्या काळी यमधर्म एखाद्या रुग्णालयात आला असता तर त्याचे रक्त तपासले गेले असते, क्ष-किरणांचे चित्र काढले गेले असते आणि शेवटी त्यास सांगण्यात आले असते की, “तुम्हांला काहीही झालेले नाही.” हे वाक्य मी स्वतः किती जणांना सांगितले असेल, त्याची मोजदाद नाही.

दारासुरम् हे जसे मंदिराचे गाव, तसेच ते विणकरांचे गाव. येथील रेशमी वस्त्रे विणणारी पुष्कळ घराणी सौराष्ट्री समाजाची आहेत. शतकांपूर्वी पश्चिमेकडून दक्षिणेत उतरलेला हा समाज; त्याच्या घरगुती भाषेत गुजराथी व मराठी यांच्या खुणा आपल्या कानांस ओळखू येतात. आमच्या यजमानांनी आम्हांस अशाच एका घरी नेले. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून माग बसविलेला होता. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडून पावड्या दाबतो, एका हाताने धोट्याची दोरी ओढतो व दुसऱ्या हाताने फणी ठोकतो. पाठीला टेकण नाही. मान पुढे आणि नजर सुतावर. असे तास नव्हे, वर्षे चालते.

मी वैद्यकीय व्यवसायातील आहे हे कळताच घरधनी मागावरून उठले. उठणे म्हणजे काय, प्रथम दोन्ही हात जमिनीला टेकले, मग एक गुडघा वर आला, मग क्षणभर थांबून कंबर. वय पन्नाशीच्या आतले. त्यांनी आतून प्लॅस्टिकची एक फुगलेली पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. भारतात कोठेही जा, दुखणाइताच्या घरी ही पिशवी असतेच. तीत चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, गुंडाळी होऊन कडा उलटलेल्या फिल्म. सहा वर्षांच्या कंबरदुखीचा तो सारा इतिहास होता; पण इतिहास म्हणावा तर त्यात सलगता कोठेच नव्हती. चिठ्ठ्या निरनिराळ्या ठिकाणच्या, पुष्कळशा रात्रीच्या वेळच्या, आणि जवळजवळ प्रत्येकीवर एकच उपाय लिहिलेला: वेदनाशामक इंजेक्शन. तमिळमध्ये त्याला ‘ऊसि’, म्हणजे सुई म्हणतात. दुखणे असह्य झाले की ऊसि, दोन दिवस बरे, पुन्हा माग, पुन्हा ऊसि. कोणत्याही एका चिठ्ठीवर मागच्या चिठ्ठीचा उल्लेख नव्हता.

त्यांच्या पत्नीने यजमानांमार्फत मला एकच प्रश्न विचारला. इतक्या वेळा नेऊनही डॉक्टर काही नाही म्हणतात. मग हे खोटे बोलतात की डॉक्टर?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. कारण हा प्रश्न दारासुरम्‌पुरता नाही. रुग्णालयांतील तातडीच्या उपचारांच्या विभागात, ज्यास आपल्याकडे सर्वजण ‘कॅज्युअल्टी’च म्हणतात, पुन्हा पुन्हा येणारे काही चेहरे असतात. अमेरिकेतील या विषयावरच्या अभ्यासांचे एक संकलन २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार अशा विभागात येणाऱ्या रुग्णांपैकी साडेचार ते आठ टक्के रुग्णच वारंवार येणारे, म्हणजे बहुधा वर्षातून चार किंवा अधिक वेळा येणारे, असतात. परंतु एकूण भेटींपैकी २१ ते २८ टक्के भेटी या मोजक्या मंडळींच्याच होतात. त्यांच्यातील पुष्कळांचे दुखणे म्हणजे दीर्घकाळ चाललेल्या वेदना: कंबर, मान, डोके, पोट, सांधे. त्यांच्याविषयी कर्मचाऱ्यांचे मत लवकर बनते. ‘नेहमीचे गिऱ्हाईक’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारीत नाही, पण तो हवेत असतो.

माझ्या मनातही तो होता. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात नव्यानेच कामास लागले होते. तेथे विड्या वळणारी एक बाई दर आठ-पंधरा दिवसांनी रात्री दहाच्या पुढे कॅज्युअल्टीत येई. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचे, त्यामुळे मान आणि पाठ दुखे. दुखणे डोक्यात चढे, मग उलट्या होत. मी तिला तपासी, काही सापडत नसे, इंजेक्शन देऊन परत पाठवी. पाचव्या की सहाव्या वेळी मी केसपेपरवर लिहिले, “पुन्हा तीच तक्रार.” हे तीन शब्द लिहिताना मला जे समाधान वाटले ते आजही आठवते, आणि त्याची लाज वाटते. त्या रात्री ती उठता उठता म्हणाली, “बाई, काही नाही म्हणता, तर मग मला झोप का नाही?” मी तिला झोपेच्या गोळीची चिठ्ठी दिली.

ती रात्रीच का येते, असा प्रश्न मला पडलाच नाही. तो आमच्या जुन्या सिस्टरना पडला होता आणि उत्तरही त्यांच्याजवळ होते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडे आणि दुपारी मिटे. रांगेत उभे राहावे तर दिवसाचा रोज बुडे, आणि संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यावयाच्या विड्या अपुऱ्या पडत. मुलांना जेवू घालून, भांडी आवरून, पाठ टेकल्यावर जेव्हा दुखणे अंगावर येई, तेव्हा गावात एकच दार उघडे असे. दारासुरम्‌च्या विणकराच्या चिठ्ठ्या रात्रीच्या का होत्या, हे मला विचारावे लागले नाही.

काही महिन्यांनी ती येईनाशी झाली. मला बरे वाटले. नंतर एका पहाटे तिला रक्ताची उलटी झाली म्हणून उचलून आणण्यात आले. रुग्णालयात बोलणी खावी लागतात म्हणून ती औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या विकत घेऊन रिकाम्या पोटी, दिवसाला पाच-सहा, खात होती. जठरात व्रण होऊन तो फुटला होता. रक्त चढवून ती वाचली.

वेदनाशामक औषधांविषयी येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत ती शिळोप्याच्या सुपारीसारखी घेतली जातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधे थोड्या दिवसांसाठी, योग्य मात्रेत, उपयोगी आहेत. दीर्घकाळ घेतल्यास ती जठराला इजा करतात, मूत्रपिंडे दुबळी करतात, रक्तदाब व हृदय यांवरही भार टाकतात. गिधाडांची गोष्ट आपण ऐकली असेल. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि भारतातील गिधाडे लाखांनी नाहीशी झाली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकरिता वापरल्या जात, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली ३ मिलीलिटरची, एकाच मात्रेची करण्यात आली. माणसाचे शरीर गिधाडापेक्षा पुष्कळच सहनशील आहे, म्हणून तुलना ताणू नये. पण ‘साधी दुखण्याची सुई’ असे ज्यास आपण म्हणतो, ते साधे औषध नव्हे, एवढे ध्यानात राहावे.

आता विणकराच्या पत्नीच्या प्रश्नाकडे येऊ. वेदना म्हणजे इजेची वर्दी, अशी आपली समजूत असते. काटा बोचला, वर्दी गेली, मेंदूने ओरड केली. ही समजूत निम्मीच खरी आहे. १९६५ साली कॅनडात काम करणारे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्रज शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो. अंगावरून येणाऱ्या वर्द्या त्या दरवाजातून वर जातात, पण दरवाजा किती उघडावयाचा हे इतर गोष्टींवर ठरते. मूल पडले की आई गुडघा चोळते आणि दुखणे उणावते. स्पर्शाच्या वर्दीने दरवाजा थोडा लोटला जातो. उलट काळजी, जागरण, भय यांनी तो सताड उघडतो. या मूळ मांडणीत पुढे बरेच फेरफार झाले, पण दरवाजाची कल्पना टिकली आहे.

दारासुरम्‌च्या संदर्भात मला या दरवाजावरून एका द्वारपालाची आठवण झाली. अकराव्या शतकात राजाधिराज चोळाने चालुक्यांची राजधानी कल्याणी जाळली आणि तेथून एक द्वारपालाची मूर्ती विजयचिन्ह म्हणून आणली. कल्याणी म्हणजे आपल्या सीमेलगतचे, बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ती मूर्ती दारासुरम् येथे होती; आता ती तंजावरच्या संग्रहालयात आहे. समजा, असा एखादा द्वारपाल वर्षानुवर्षे हल्ल्यांना तोंड देऊन इतका धास्तावला की वाऱ्याने पान हालले तरी तो शिंग फुंकू लागला. शत्रू केव्हाच निघून गेला आहे. शिंग मात्र थांबत नाही. दीर्घकाळच्या वेदनेत मज्जातंतूंचे असेच होते. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्रयोगाने दाखविले की सततच्या माऱ्याने मज्जारज्जूतील पेशी अधिक हळव्या होतात, आणि मग साधा स्पर्शही दुखू लागतो. म्हणजे दुखणे खरे, शिंगाचा आवाज खरा. आणि डॉक्टरला शत्रू सापडत नाही हेही खरे. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मी त्या गृहिणीला हेच उत्तर दिले. यजमानांनी ते तमिळमध्ये कसे सांगितले कोण जाणे, पण ती नवऱ्याकडे पाहून हसली.

क्ष-किरणांची आणि एमआरआयची चित्रे या बाबतीत आपल्याला किती चकवितात, याचे एक उदाहरण देते. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ माणसांची एमआरआयची चित्रे काढली. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के, माणसांच्या मणक्यांमधील चकती कोठे ना कोठे फुगलेली आढळली. तेव्हा ‘चकती सरकली आहे’ असा अहवाल हाती येताच आयुष्य संपले असे मानू नये, आणि अहवाल स्वच्छ आला म्हणून दुखणाईत ढोंगी आहे असेही मानू नये. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा तिच्या स्पष्टीकरणात हेही घातले की, मनुष्य आपल्याला दुखते असे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला, २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या जागतिक वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. कधीकधी वेदना हे रोगाचे लक्षण राहत नाही, तीच रोग होते.

आणि हा रोग थोडाथोडका नाही. नुसती कंबरदुखी घेतली तरी २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना ती होती. माणसाला अधू करून ठेवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

एका अपवादाची नोंद मात्र येथेच केली पाहिजे. वारंवार कॅज्युअल्टीत येणाऱ्या काही रुग्णांचे तेथे येणेच योग्य असते. सिकलसेलचा विकार असलेल्यांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात आणि हाडांत, छातीत, पोटात भयंकर कळा उठतात. भारतात हा विकार प्रथम १९५२ साली आढळला, तो याच तमिळनाडूतील निलगिरीच्या आदिवासींत. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार या भागांत त्याचे रुग्ण पुष्कळ आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. अशा रुग्णाला, “गेल्या महिन्यातच आला होतास ना?” असे विचारून बाकावर बसवून ठेवणे जिवावर बेतू शकते. म्हणून वारंवार येण्यावरून माणसाची पारख करू नये, हे मी नव्या डॉक्टरांना नेहमी सांगत आले.

बाकीच्यांचे काय करावे? विडीवाल्या बाईची गोष्ट अर्धी राहिली आहे. ती बरी होऊन घरी जाण्यास निघाली, तेव्हा आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर औषधांच्या खाली एक ओळ लिहिली: “दर गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे यावे. दुखत असो वा नसो.” वेळ तिच्या विड्यांच्या हिशेबाने तिला विचारूनच ठरविली होती. मला ते विचित्र वाटले. दुखत नसताना तिला कशाला बोलवायचे, असे मी विचारले. ते म्हणाले की, आजवर आपण तिला एकच गोष्ट शिकविली, दुखणे असह्य झाले तरच दार उघडते. आता दार ठरल्या दिवशी उघडेल. मग त्यासाठी दुखणे असह्य होण्याची गरज उरणार नाही.

त्या गुरुवारच्या भेटी दहा-पंधरा मिनिटांच्या असत. त्यात औषध थोडे आणि चौकशी फार. सूप मांडीऐवजी पाटावर ठेवणे, दर तासाने उठून अंगणात चार फेऱ्या मारणे, मान व खांदे यांचे दोन साधे व्यायाम, रात्री गोळ्या न घेता गरम पाण्याने शेक. पुढल्या वर्षभरात ती रात्री तीन वेळा कॅज्युअल्टीत आली, आणि त्यांतील एक वेळ मुलाच्या तापासाठी. दुखणे गेले नाही. ती विड्या वळत राहिली; दुसरे काम गावात नव्हते.

त्या जुन्या डॉक्टरांनी अनुभवाने जे केले, ते आता मोठ्या ठिकाणीही करून पाहत आहेत. कॅनडात ओटावा येथील रुग्णालयाने दीर्घ वेदनांमुळे वारंवार येणाऱ्या रुग्णांकरिता निरनिराळ्या तज्ज्ञांनी मिळून चालविलेला एक प्रायोगिक कार्यक्रम केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांचे अधूपण व मनाचा ताण कमी झाला आणि त्यांच्या रुग्णालयाच्या फेऱ्याही घटल्या. तमिळनाडूत याहून साधा मार्ग काढलेला आढळतो. ५ ऑगस्ट २०२१ रोजी तेथील शासनाने ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ नावाची योजना सुरू केली. नावाचा अर्थ, लोकांना शोधीत निघालेले वैद्यक. आरोग्यसेविका घरोघर जाऊन रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे पोहोचवितात, आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे शुश्रूषेसाठी परिचारिका व व्यायामोपचारतज्ज्ञही जातात. विणकराने दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभे राहण्यापेक्षा व्यायाम शिकविणाऱ्यानेच त्याच्या मागाशी यावे, ही कल्पना मला फार आवडली. अशा सेवेपर्यंत आपले नाव कसे पोहोचवावयाचे हे आमच्या यजमानांनी त्या घरी बसून सांगितले, ते माझ्या साऱ्या व्याख्यानापेक्षा उपयोगाचे होते.

घरच्या माणसांशी मला दोन शब्द बोलावयाचे आहेत. दुखणाइताची दोन प्रकारे हानी होते. एक, त्याच्यावर अविश्वास दाखवून. ‘कामाची वेळ झाली की दुखते’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातील माणूस कॅज्युअल्टीत केवळ औषधासाठी जात नाही. आपले दुखणे खरे आहे असे कोणाकडून तरी ऐकावे म्हणूनही तो जातो. दुसरी हानी मायेने होते. त्याला गादीवरून हलू द्यावयाचे नाही, पाण्याचा तांब्याही हातात द्यावयाचा, कमरेला कायमचा पट्टा बांधावयाचा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम, दुखण्याची नीट समजूत करून देणे आणि मनाला आधार देणारे उपचार यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे, वजने लावून ओढणे आणि अफूजन्य औषधे यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये असे सांगितले आहे. पट्ट्यांचे दुकानदार रागावतील, त्याला इलाज नाही. अफूजन्य औषधांबद्दल म्हणाल तर कर्करोगाच्या यातनांत ती वरदान आहेत; पण जुनाट कंबर-गुडघेदुखीच्या २४० रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत.

आणि ती पिशवी. दारासुरम्‌पासून तासाभराच्या वाटेवर तंजावर आहे. तेथे १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल उभारून वैद्यकाचा मोठा व्यासंग केला. डोळ्यांच्या सुमारे पन्नास रुग्णांच्या नोंदी, आजाराचे वर्णन आणि डोळ्यांची चित्रे यांसह, त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला जे सुचले, ते आपण दोन रुपयांच्या पेन्सिलीने करू शकतो. एक शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर आजाराचे नाव, डॉक्टरांनी सांगितलेले, आपण कल्पिलेले नव्हे. चालू औषधे व मात्रा. कोणते औषध सोसत नाही. मूत्रपिंडाची शेवटची तपासणी कधी झाली. पुढे दर आठवड्याला दोन ओळी: किती चालता आले, झोप किती लागली, सुई वा गोळी किती वेळा घेतली. ‘किती दुखले’ हे रोज लिहू नये. दुखण्यावर पहारा ठेवला की ते वाढते, असा माझा अनुभव आहे. विणकराच्या मुलीने तेथेच शाळेच्या वहीत तमिळमध्ये पहिले पान लिहिले, आणि पिशवीतील बत्तीस चिठ्ठ्या तारखेवार लावावयास आम्हांला तासभर लागला. बत्तिसांपैकी सव्वीस चिठ्ठ्यांवर ऊसि होती. हा आकडा त्या घरात त्या दिवशी प्रथमच कोणी मोजला.

नेहमीच्या दुखण्यालाही कॅज्युअल्टीत तत्काळ गेले पाहिजे अशा काही वेळा असतात, त्या वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवाव्या. कंबर दुखत असता पायांतील शक्ती एकाएकी जाणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, बैठकीचा भाग बधिर होणे, दुखण्याबरोबर ताप, पडल्यानंतर उठलेली कळ, पूर्वी कर्करोग झालेल्याच्या पाठीत नवे दुखणे, या त्या वेळा. कारण नसता वजन उतरणे, याला मात्र त्याच रात्री नव्हे तरी त्याच आठवड्यात दाखवावे. छातीत दाब येऊन घाम सुटला, आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात उठली, पोट लाकडासारखे ताठरले, शौच डांबरासारखे काळे झाले, तर नेहमीचेच असेल म्हणून घरात थांबू नये. तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही १०८ हा एकच क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका येते. जाताना वही बरोबर न्यावी आणि जो डॉक्टर प्रथम भेटेल त्याच्या हाती पहिले पान उघडून द्यावे.